जोर

गोळीबार चौकात मे महिन्यात दुपारी तीनला
कुत्रंही सावली सोडत नाही.
मी ओट्यावर कुलरच्या ताट्यांत वाळा भरत बसते
आणि पलीकडून दमडूजी निखारे येतात,
डोक्यावर छत्री, काखेत पट.

पट कापडी, त्यांनीच विणलेला,
चौसष्ट घरं आणि भोवती नागपुरी किनार.
पांढरी मोहरी नेहमी त्यांची.
त्यातलं एक प्यादं केव्हाच हरवलंय,
तिथे मागाची कांडी उभी असते,
दोरा संपलेली.

मांडून झालं की ते
आपल्या उजव्या कोपऱ्यातला हत्ती उचलतात,
बंडीच्या खिशात टाकतात.
"हं. चाल."
अकरा उन्हाळे मी
एक हत्ती कमी असलेल्या माणसाशी खेळते
आणि हरते.

पहिल्या वर्षी चहा निवायच्या आत हरायची.
मग बशीतला निवायचा, कपातला गरम राहायचा.
एकदा, पारा सत्तेचाळीसला टेकला त्या साली,
माझं सगळं सैन्य मेलं, राजा एकटा नागडा उरला,
आणि नियमाने डाव बुर्जी झाला.
मी गल्लीत संत्रा बर्फी वाटली.

"जोर पाय," एवढंच ते शिकवायचे.
"जोर नसला का ते मोहरं नाही, नुसतं लाकूड."
मी घरातही जोर पाहू लागले:
सासूच्या बोलण्याला कोणाचा,
दुकानमालकाच्या नोटिशीला कोणाचा,
माझ्या मागे कोण उभं आहे
आणि किती घरं लांब.

काल त्यांनी हत्ती काढला नाही.
मांडलं आणि बसले. "हं. चाल."
वाटलं, आठवण द्यावी.
मग वाटलं, का द्यावी?
कोणी आपल्यावर सगळी फौज घेऊन चालून येतं
ही काय लहान गोष्ट आहे?
फोटोला बसतात तशी पाठ ताठ करून बसले.

बाराव्या चालीला त्यांनी वजीर ठेवला
माझ्या उंटाच्या तिरप्या वाटेत.
बेजोर.
मी पुन्हा पाहिलं. घोडा नाही, प्यादं नाही,
सापळाही नाही.
दमडूजी रस्त्याकडे पाहत होते.
रस्त्यावर काहीच नव्हतं.
गेल्या आठवड्यात ते चहाचे पैसे दोनदा देऊन गेले,
माझ्या पोरीला भलत्याच नावाने हाक मारली,
आणि तिने ओ दिली.

मी कडेचं प्यादं सरकवलं. एक घर.

कुलर ठिबकत राहिला.
त्यांची नजर पटावर आली, वजिरापाशी थांबली,
तिथून उंटावर, उंटावरून माझ्यावर.
"दिसला नाही का वं तुले?"
"कोण?"
"कोण म्हणते!"

रागावले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी हात लांबवला,
कोपऱ्यातला हत्ती उचलला, भर डावात,
जगातल्या कुठल्याच नियमात न बसणारा हात,
आणि हत्ती बंडीच्या खिशात टाकला.
"हं. आता खेळू."

पुढचं सांगण्यासारखं नाही.
माझा राजा अडीच घरांची आपली एकुलती उडी मारून
कोपऱ्यात जाऊन बसला
आणि कांडी निघाली.
एकेक घर, रिकामी, टक् टक्,
मागे उंटाचा जोर घेऊन.
प्यादेमात.

पट झटकला, घडी केली.
छत्री उघडताना म्हणाले,
"दान द्याले ऐपत लागते, नलू.
तुही नाही अजून."
आणि निघाले उजवीकडे.

घर त्यांचं डावीकडे आहे.

मी हाक मारली नाही.
ओला वाळा तसाच टाकला, चपला पायात सरकवल्या,
आणि त्यांना दिसणार नाही अशी
चार घरं मागे
चालत राहिले.